बॉल पायथॉनची कात तुकड्यातुकड्यात निघतेय, उन्हाळ्यात टाकी ओली ठेवायची की कोरडी?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जुळे सोलापूरला दुसऱ्या मजल्यावर राहता, वर थेट स्लॅब, दीड वर्षाची बॉल पायथॉन (परदेशी अजगराची एक लहान जात) मादी आहे, माशांच्या दुकानातून घेतलेली काचेची टाकी आणि वर जाळीचं झाकण. मागची कात तुकड्यांत निघाली आणि शेपटीच्या टोकाला एक रिंग तशीच अडकून राहिली. म्हणून यावेळी रोज दोन-दोनदा स्प्रे मारताय, तरी आर्द्रतेचं मीटर दुपारी ३५ टक्क्यांच्या वर जात नाही, उलट खाली अंथरलेल्या कोकोपीटला (नारळाच्या भुश्याला) आंबट वास यायलाय आणि पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग दिसायलेत. आता डोळे निळे झालेत, म्हणजे पुढची कात जवळ आलीय, आणि विचारताय की स्प्रे अजून वाढवू का, आणि अशा वेळी टाकी पूर्ण साफ केली तर चालेल का.

स्प्रे वाढवू नका, बंदच करा. तुमचे दोन्ही प्रॉब्लेम, म्हणजे कात अडकणं आणि वास-डाग, हे एकाच गोष्टीतून आलेत. तुम्ही जमीन ओली करताय आणि हवा कोरडीच राहतेय. सापाला कात टाकायला आजूबाजूची हवा दमट लागते, पोटाखाली चिखल नको असतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये अख्खी टाकी दमट करायच्या नादाला लागलात तर हरणारच, म्हणून दमटपणा एका डब्यात द्यायचा आणि बाकी टाकी कोरडी ठणठणीत ठेवायची. सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण का आणि कसं ते नीट सांगतो कारण अर्धवट केलं की परत तिथंच येताय.

आधी का ते. दुपारी बाहेर ४० डिग्री आणि हवेत आर्द्रता समजा २० टक्के, सोलापूरला उन्हाळ्यात हे काही विशेष नाही. अशा एक घनमीटर हवेत पाणी असतं साधारण १० ग्रॅम. तीच हवा तुमच्या टाकीत जाऊन ३२ डिग्रीवर आली तर मीटर दाखवणार ३० टक्के, कारण ३२ डिग्रीची हवा ३४ ग्रॅमच्या आसपास पाणी धरू शकते. आता तुम्ही स्प्रे मारला की पाणी वाफ होऊन पाच-दहा मिनिटं आकडा ७० ला जातो, तुम्हाला बरं वाटतं, आणि मग जाळीतून ती सगळी वाफ वर निघून जाते. खाली राहतं काय तर कोकोपीटमध्ये मुरलेलं पाणी. असं रोज दोनदा केलं की वरचा थर सुकलेला आणि खालचा थर सडायला लागलेला, वास तिथूनच येतो. स्प्रे म्हणजे उन्हाळ्यात अंगणात मारलेला सडा आहे हो, तेवढ्यापुरता गारवा आणि अर्ध्या तासात परत तेच.

दुसरी गोष्ट मीटरची. ते गोल काट्याचं चिकटवायचं मीटर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, ते कुठलाही आकडा दाखवतंय. वायर आणि प्रोब असलेलं डिजिटल घ्या, महाग नसतं. आणि घेतल्यावर एकदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, पूर्ण विरघळू द्यायचं नाही, आणि ते झाकण आणि मीटरचा प्रोब एका घट्ट डब्यात रात्रभर बंद करून ठेवायचा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ पाहिजे. ७० दाखवत असेल तर तुमचं मीटर ५ ने कमी सांगतंय, तेवढं मनात धरून चालायचं. प्रोब कुठं ठेवलाय तेही महत्त्वाचं, कारण एकाच टाकीत गार बाजूला २५ डिग्रीवर ८० टक्के असतील तर तेवढंच पाणी असलेली हवा गरम बाजूला ३२ वर ५४-५५ टक्केच दाखवते. लोकं एका कोपऱ्यातला आकडा बघून घाबरतात नाहीतर खूश होतात. प्रोब साप जिथं बसतो तिथं, जमिनीजवळ.

बॉल पायथॉन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, तिकडंही कोरडा ऋतू असतो पण तो उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात जाऊन बसतो, तिथली हवा दमट असते. म्हणजे त्यालाही अख्खं रान दमट लागत नाही, एक बीळ लागतं. एरवी ५५-६० टक्के असलं तरी त्याचं भागतं, कातीच्या काळात ७० ते ८० पाहिजे. कॉर्न स्नेक वाल्यांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, त्याला एरवी ४०-५० पुरतं आणि कातीच्या वेळी ६० च्या आसपास.

आता ते बीळ बनवायचं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, साप वेटोळं घालून बसला की अंग तिन्ही-चारी बाजूंना टेकलं पाहिजे एवढाच, मोठा नको, मोठ्या डब्यात तो बसतच नाही. बाजूला एक भोक पाडा, सापाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा थोडं मोठं, आणि कडा पॉलिश पेपरने नाहीतर गरम सोल्डरिंग गनने गुळगुळीत करा, नवीन कातडी तिथंच चिरते नाहीतर. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरणारं सुकं शेवाळ) भरा, ऑर्किडसाठी नर्सरीत मिळतं, ऑनलाइन तर मिळतंच. मॉस पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळायचं, पिळून झाल्यावर दाबलं तर एखादा थेंब यावा, धार लागता कामा नये. मॉस नसेल तर आपला जुना सोलापुरी टॉवेल कापून ओला करून पिळून घाला, पाणी धरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त कडेचे दोरे निघालेले नकोत. आणि कारखान्यातलं वेस्ट सूत फुकट मिळतंय म्हणून ते भरणारे पण आहेत आपल्याकडं, तसलं काही करू नका, सुताचा एक फेरा शेपटीला बसला आणि आवळला की रक्तपुरवठा बंद होतो.

पण थांबा, तुमच्या मादीच्या पोटावर डाग आहेत, म्हणून तुम्हाला यात थोडा बदल करावा लागणार. तपकिरी डाग, फोड, खवल्याखाली पाणी भरल्यासारखं दिसणं, ही खवले सडण्याची सुरुवात असू शकते, सतत ओल्या आणि घाणेरड्या जमिनीवर राहिल्याने होते. तिला ओल्या मॉसवर झोपवायचं नाही. डब्याच्या तळाला कोरडा टिश्यू पेपर, आणि ओलं मॉस एका छोट्या डबीत भरून, त्या डबीला भरपूर छिद्रं पाडून, ती डबी आत कोपऱ्यात ठेवायची. हवा दमट होते आणि पोट कोरडं राहतं. आणि डाग डॉक्टरला दाखवा, घरच्या घरी हळद, मलम, जंतुनाशक काही लावू नका.

डबा ठेवायचा कुठं? पुस्तकी उत्तर आहे गरम बाजूला, कारण तिथं वाफ चांगली होते. हिवाळ्यात मीही तेच सांगेन. पण तुमच्या स्लॅबखालच्या खोलीत एप्रिलमध्ये गरम बाजू मुद्दाम करायची गरजच आहे का ते आधी बघा. गरम बाजू ३१-३२, गार बाजू २५-२७ असं पाहिजे, आणि तुमची खोलीच दुपारी ३६-३७ ला जात असेल तर हीट मॅट चालू ठेवणं म्हणजे सापाला भाजणं. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट काढूनच टाका सध्या, आणि थर्मोस्टॅट असला तरी तो फक्त गरम करणं थांबवतो, गार करत नाही, हे लोकं विसरतात. शक्य असेल तर दोन महिने टाकी खालच्या मजल्यावर कुणाकडं किंवा घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा आणि डबा मधोमध ठेवा.

कूलरचं सगळे विचारतात. आपल्याकडं घरोघरी कूलर असतो आणि खरं सांगायचं तर साप पाळणाऱ्याला सोलापूरच्या उन्हाळ्यात एसीपेक्षा कूलर बरा. एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो, कूलर पाणी घालतो. खोलीत एक खिडकी थोडी उघडी ठेवून कूलर चालवला की खोलीचीच आर्द्रता बरीच वर येते आणि तापमान पण खाली. फक्त झोत सरळ टाकीवर नको, आणि कूलरचं पाणी तीन-चार दिवस तसंच ठेवून वास मारत असेल तर तो वास आणि ते जंतू तुम्ही आणि साप दोघं घेताय. पाणी रोज येत नाही हे मान्य, पण तरी कूलरची टाकी धुऊन भरा. पावसाळा लागला की कूलरचा काही उपयोग नाही, बंद करून टाका.

जाळीच्या झाकणाचं काम पाच मिनिटांचं आहे. जाळीचा पाऊण भाग ॲक्रिलिक शीट नाहीतर फॉइलने झाका, पाव भाग उघडा ठेवा. वर बल्ब ठेवत असाल तर त्याच्या आसपास काही झाकायचं नाही, आग लागेल. पूर्ण बंद पण करू नका, कोंदट गार हवेत सापाला श्वासाचा त्रास होतो, तोंड उघडं ठेवून बसणं, नाकातून बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, असं दिसलं तर ते आर्द्रतेचं प्रकरण राहिलं नाही, तो दवाखाना. आणि पाण्याचं भांडं मोठं, जड, सापाला आत बसता येईल असं ठेवा. हे नुसतं हवेसाठी नाही. डोळे निळे का होतात तर जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे एक द्रव सुटतो म्हणून, आणि तो द्रव साप स्वतःच्या अंगातलं पाणी घालून बनवतो. साप आतून सुकलेला असेल तर बाहेर ९० टक्के करून काय उपयोग, म्हणून पाणी बाराही महिने ताजं पाहिजे, फक्त कातीच्या आठवड्यात नाही.

आता वेळेचं, इथं बरेच जण फसतात. आधी रंग मळका होतो, पोट गुलाबीसर दिसतं, मग डोळे दुधाळ निळे, ते थोडे दिवस राहतात, आणि मग डोळे परत स्वच्छ होतात. इथं माणूस म्हणतो झालं, आणि डबा काढून टाकतो. अहो कात अजून निघालीच नाहीये! डोळे स्वच्छ झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी कात पडते आणि खरी गरज त्याच दिवसांत असते. त्यामुळं रंग मळका दिसला की डबा आत, आणि कात पडून तपासून होईपर्यंत तो तिथंच. या काळात खायला देऊ नका, बहुतेक घेतही नाही, आणि हातात घेणं बंद, डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळं एरवी गरीब असलेला साप पण फटका मारतो. टाकीत एखादं खडबडीत लाकूड किंवा दगड ठेवा, नाक घासून कात सोडवायला तो आधार शोधत असतो.

सफाईचं. नियम म्हणून सांगायचं तर डोळे निळे असताना टाकी उपसायची नाही, कात पडल्यावर करायची, तसंही कात पडली की बरेचदा साप लगेच मोठी शी करतो, म्हणजे त्याआधी केलेली सफाई वायाच जाते. पण तुमच्या टाकीत कोकोपीट सडलंय, तिथं नियम बाजूला ठेवा आणि आजच काढा. सापाला तो बसलाय त्या हाइडसकट (लपायच्या खोप्यासकट) उचलून झाकणाच्या हवेशीर डब्यात ठेवा, कोकोपीट सगळं फेकून द्या, टाकी पुसा, आणि कात पडेपर्यंत खाली साधा कागद अंथरा. कोरा न्यूजप्रिंट, टिश्यू, काहीही. दिसायला गरिबी वाटते पण कागदावर घाण लगेच दिसते, रक्त दिसतं, माइट्स (सापाच्या अंगावरचे बारीक किडे) दिसतात, आणि बदलायला दोन मिनिटं लागतात. पोट बरं झाल्यावर परत कोकोपीट घालायचं तर घाला, मला विचाराल तर कोकोपीटपेक्षा नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे बरे, त्यात हवा खेळती राहते. लाकडाचा भुसा ओला झाला की बुरशी धरतो, आणि पाइन-देवदारचा वास मारणारा भुसा तर कधीच नको.

रोजचं काम एवढंच की शी किंवा लघवीचा पांढरा खडूसारखा भाग दिसला की आजूबाजूच्या मूठभर थरासकट लगेच काढायचा, आणि पाण्याचं भांडं रोज ब्रशने घासायचं, नुसतं पाणी बदलून भागत नाही, आतून बुळबुळीत थर धरतो तोच घाण. दमट डब्याचं मॉस दोन-तीन दिवसांनी काढून उकळत्या पाण्यातून काढा, गार झाल्यावर पिळून परत घाला. त्यात शी झाली किंवा वास आला तर सरळ फेका. मी नेहमी दोन डबे ठेवायला सांगतो, एक टाकीत, एक धुऊन उन्हात.

पूर्ण सफाई करताना आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, घाण असताना जंतुनाशक काम करत नाही. मग घरगुती लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, दहा मिनिटं ठेवायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, आणि वास पूर्ण जाईपर्यंत सुकवायचं. मिश्रण त्याच दिवशी बनवून वापरायचं, आणि त्यात व्हिनेगर, ॲसिड, टॉयलेट क्लीनर असलं काही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात त्याला व्हिनेगर चांगलं, पण ते वेगळ्या दिवशी. सुकवायला आपल्याकडं उन्हाची कमी नाही, गच्चीत दुपारी दोन तास ठेवलं की खडखडीत. साप मात्र टाकीसकट उन्हात ठेवायचा नाही, काचेत काही मिनिटांत मरतो, हे सांगावं लागतंय कारण करणारे आहेत.

फिनेल वापरू नका, काळं नाही, पांढरं नाही, पाइनच्या वासाचं पण नाही. डांबराच्या गोळ्या, डासांची कॉइल, मुंग्यांचा स्प्रे, हे त्या खोलीतच नको. सामान किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीमध्ये साल्मोनेला असू शकतो, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर जास्तच जपा, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा.

कात पडली की ती फेकायच्या आधी नीट बघा. ती सापापेक्षा लांब असते, ताणली जाते, तो काळजीचा विषय नाही. डोक्याच्या भागात दोन्ही डोळ्यांच्या गोल पारदर्शक टोप्या आहेत का, आणि शेपटीचं टोक बंद आहे का, हे दोनच बघायचं. तुमच्या मादीची ती जुनी रिंग यावेळी बरोबर निघून यायला पाहिजे. नाही आली तर एका हवेशीर डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल घालून सापाला अर्धा तास त्यात फिरू द्या, पाणी २८-३० डिग्री, हाताला ना गरम ना गार लागेल असं, आणि तुम्ही समोर बसून राहायचं. मग ओला टॉवेल हातात सैल धरून त्यातून सापाला स्वतःहून सरकू द्या, रिंग बहुतेक वेळा निघते. ओढायची नाही, तेल लावायचं नाही. एका दिवसात नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी परत. शेपटीचं टोक काळं पडत असेल, सुकत असेल, तर घरचे प्रयोग बंद करून डॉक्टर.

डोळ्याची टोपी राहिली तर तिला अजिबात हात लावू नका. चिमट्याने काढायला जाऊन खालची खरी टोपी निघते आणि डोळा कायमचा जातो. पुढच्या कातीला दमट डबा नीट दिला की बहुतेक वेळा दोन्ही एकत्र निघतात. तरी राहिली तर डॉक्टर. आणि डोळ्यांभोवती, हनुवटीखाली किंवा पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे हलणारे ठिपके दिसले तर ते माइट्स, कात अडकायचं तेही एक कारण असतं, मग कितीही दमट करा उपयोग नाही. साप सारखा पाण्यात बसून राहत असेल तर मी पहिला संशय त्यांच्यावरच घेतो.

जून-जुलैमध्ये हे सगळं उलटं होतं हे लक्षात ठेवा. पावसाची हवा लागली की झाकणावरचं फॉइल कमी करा, मॉस कमी ओलं ठेवा, तेव्हा आपला प्रश्न बुरशीचा. डिसेंबर-जानेवारीत हवा परत कोरडी आणि वर हीटर चालू, तेव्हा पुन्हा डबा.

एक वेगळंच पण विचारून ठेवतो, तुमच्या मादीची सरकारी नोंदणी केलीय का? बॉल पायथॉन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदवावा लागतो. खरेदीची कागदं जपून ठेवा. आणि हे वाचून कुणी धामण, मांडूळ किंवा आपल्याकडच्या अजगराचं पिल्लू घरी आणायचा विचार करत असेल तर ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, दमट डबा वगैरे पुढच्या गोष्टी.

डॉक्टरबद्दल शेवटी सांगतो. आपल्याकडं कुत्र्या-मांजराचे डॉक्टर भरपूर, सापाला हात लावणारे कमी, म्हणून फोन करून आधी विचारा की साप बघता का, नाहीतर पुण्याला जायची तयारी ठेवा. जाताना निघालेली कात पिशवीत घालून न्या, टाकीचा फोटो, मीटरचे सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे आणि पोटाच्या डागांचे आजचे फोटो. प्रवास पहाटे करा, साप कापडी पिशवीत आणि पिशवी थर्माकोलच्या भोकं पाडलेल्या खोक्यात. डाग दोन-तीन दिवसांत वाढले, फुटले किंवा त्यातून पाणी आलं तर कात पडायची वाट बघत बसू नका, तशीच घेऊन जा.